हवेची चव

"दादा, हवाले चव लागस."

आषाढातली दुपार होती. शेडच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, लाइट गेलेली, लेथ बंद. तो पोरगा दारात मोटरसायकल लावून आत आला, खांद्यावरची हवेची पिवळी टाकी अलगद खाली ठेवली आणि एवढंच बोलला. तापीकाठच्या ज्या पोरांना पुरात आणि विसर्जनाच्या दिवशी हमखास बोलावणं येतं, बुडालेल्याला शोधायला जी पाण्यात उतरतात, त्यांतला हा सगळ्यांत धाकटा. बावीस-तेवीस वर्षांचा असेल. आदल्या दिवशी तो टाकी लावून सात-आठ मिनिटं पाण्याखाली होता आणि त्याच्या जिभेला काहीतरी जाणवलं. कसली चव, असं विचारलं तर त्याला सांगता येईना. डोक्याचं पाणी निपटत तो थोडा वेळ गप्प उभा राहिला, मग म्हणाला, लहानपणी शाळेतल्या हातपंपाला तोंड लावून पाणी प्यायचो ना, तशी.

मी टाकीकडे पाहत होतो. तो पिवळा रंग माझ्या हातचा होता. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी ही पोरं दोन टाक्या घेऊन आली होती. अनंत चतुर्दशीला मेहरूण तलावावर दिवसभर उभं राहायचं, चार मोठी माणसं येणार, टाक्यांचा रंग तर पार उडालेला. मी एक टाकी घेतली, पॉलिश पेपरनं घासली, प्रायमर मारला, वर पिवळ्याचे दोन हात दिले. दुसरीला वेळ पुरला नाही, ती तशीच गेली. पैसे घेतले नाहीत. घरी जाताना मनाला फार बरं वाटलं होतं, ते अजून आठवतं. वीस वर्षं लोखंडात काढली, कुठलाही जॉब हातात आला की आधी मी आतला बोअर बघतो. त्या दिवशी मात्र व्हॉल्व्ह काढून आत डोकवावं असं मनातसुद्धा आलं नाही.

बाहेरून रंगवली होती. आत पाहिलं नव्हतं.

त्या पोराला हे काही ठाऊक नव्हतं. तो टाकी ठेवून निघून गेला, आणि मी त्या वाक्यापाशी बसून राहिलो.

या टाकीत बारा लिटर पाणी मावतं. तीत हवा भरतात ती २०० बार दाबानं, म्हणजे बाहेरची जवळजवळ २,४०० लिटर हवा त्या बारा लिटरांत दाटून बसलेली असते. त्या हवेचंच वजन तीन किलोच्या आसपास भरतं. ट्रकच्या टायरात आठेक बार असतात, आणि तो फुटला की आजूबाजूचं काय होतं ते आमच्या हायवेच्या लोकांना माहीत आहे. त्यामुळे आतली हवा शेवटच्या फुसकाऱ्यापर्यंत सोडल्याशिवाय मी व्हॉल्व्हला पान्हा लावला नाही. आणि सोडलीही सावकाश, अर्धा-पाऊण तास घेऊन. घाई केली तर टाकी गार पडते आणि आतल्या आत दव धरतं. हवा शेडमध्ये येत होती आणि तिच्याबरोबर एक वास येत होता, जुन्या विहिरीवरच्या साखळदंडाचा, ओल्या लोखंडाचा. व्हॉल्व्ह निघाल्यावर टाकी उलटी केली. आधी काहीच आलं नाही. मग थोडीशी हलवली, तेव्हा अर्धा कप पाणी आलं. उकळून उकळून काळपट झालेल्या चहासारखं, आणि खाली तांबडा गाळ. ते मी एका काचेच्या बाटलीत भरून ठेवलं. का ठेवलं ते सांगता येणार नाही. फेकवलं नाही, एवढं खरं.

पाणी आत येतं कुठून? हवा भरताना कॉम्प्रेसरचा पाणी काढणारा भाग वेळच्या वेळी रिकामा केला नाही, तर हवेबरोबरच येतं. भरताना व्हॉल्व्हच्या तोंडावर चार थेंब राहिले असतील, तर दाबाखाली ते आत ढकलले जातात. आणि टाकी पाण्याखाली पूर्ण रिकामी झाली, व्हॉल्व्ह उघडाच राहिला, तर नदी स्वतःच आत शिरते. म्हणून आत थोडा दाब शिल्लक ठेवूनच वर यायचं असतं. पोरांना हे शिकवलेलं आहे, त्यांना पाठ आहे. पण पुराच्या तापीत डोळ्यांना काही दिसत नाही, टॉर्च लावला तरी समोर नुसती पिवळी भिंत. सगळं हातानं चाचपडत शोधायचं. अशा वेळी बोटांना कापड लागलं, एखाद्याचा शर्ट लागला, तर काटा किती उरलाय ते कोण बघत बसेल?

दुसऱ्या दिवशी लाइट आल्यावर एक बारीक बल्ब वायरला बांधून टाकीच्या तोंडातून आत सोडला. तोंड असं की दोन बोटं जेमतेम जातील. डोळा लावला, की आतली दुनिया लालभडक. या गंजाची मला एक गोष्ट फार खरी वाटते, त्याच्यावरून टाकी कशी ठेवली होती ते कळतं. उभी ठेवलेली असती तर पाणी बुडाशी साचलं असतं, आणि गंजाचं कडं बुडावर दिसलं असतं. बूड जाड असतं, ते बरंच सोसतं. इथे बुडाला फार काही नव्हतं. एका बाजूनं मानेपासून तळापर्यंत चार बोटं रुंद पट्टा होता, नदीच्या नकाशासारखा, मधे काळा आणि कडेला तांबडा. म्हणजे टाकी वर्षभर आडवी पडून होती, कुणाच्या तरी खाटेखाली, आणि अर्धा कप पाणी तिच्या सगळ्यांत पातळ अंगाला चिकटून होतं. चार-पाच मिलिमीटरची ती भिंत. नंतर पोराला विचारलं तर तो म्हणाला, हो, आजीच्या खाटेखाली ठेवतो, उभी ठेवली तर घरात लहान लेकरं पाडतात.

बल्ब आत सोडताना माझा हात आपोआप सावकाश झाला. वायर बोटांतून हळूहळू सोडत होतो आणि तोंडाला डोळा लावून होतो. ही हालचाल आपण कधीतरी पाहिली आहे, असं वाटत राहिलं.

यावलकडच्या आमच्या मामांच्या मळ्यात जुनी विहीर होती. दोन-तीन वर्षं वापरात नव्हती, आणि त्या वैशाखात तिचा गाळ काढायचं ठरलं. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ऊन असं की काठाच्या दगडावर हात ठेववत नव्हता. गडी धोतर खोचून तयार होते, पण मामा कुणालाच उतरू देईनात. त्यांनी भरदिवसा कंदील पेटवला. मला हसू आलं, एवढ्या उन्हात दिवा कशाला? कंदील नाड्याला बांधला आणि हात हात नाडा सोडत खाली घातला. सगळे काठावर वाकून बघत होतो. अर्ध्यापर्यंत ज्योत नीट होती. मग ती आखडली, अंग चोरल्यासारखी झाली, आणि कुणी फुंकर न मारता गेली. वारा नाही, पाणी नाही, काही नाही. मामा म्हणाले, "इझी गया. आज उतरानं नही." मग दुपारभर निंबाचे डहाळे नाड्याला बांधून विहिरीत वरखाली केले, वरून बादल्यांनी पाणी फेकलं, खालची हवा ढवळून काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा कंदील. या वेळी तो तळाच्या चिखलाशी जाऊन टेकला तरी जळत होता. तेव्हा कुठे पहिला गडी उतरला, तोही कमरेला दोर बांधून.

त्या वयात मला वाटलं होतं की विहिरीत काहीतरी असतं आणि ते दिव्याला खातं. आता कळतं की बंद विहिरीत जड वायू साचतो, सडणारा पालापाचोळा हवेतला प्राणवायू ओढून घेतो, आणि तो २१ टक्क्यांवरून १६-१७ टक्क्यांवर आला की ज्योत टिकत नाही. माणूस त्याच्यापेक्षा थोडा अधिक तग धरतो. त्या थोड्याशा अंतरावर मामांचा सगळा हिशोब उभा होता. दिवा आधी जातो, म्हणून माणूस वाचतो.

माझा बल्ब टाकीत छान जळत होता. तो भिंत दाखवत होता. हवेबद्दल एक अक्षर बोलत नव्हता.

गंज म्हणजे तरी काय, लोखंडानं प्राणवायू खाल्ला, त्याचा उरलेला चोथा. उघड्यावर पडलेलं लोखंड गंजलं तर कुणाचं काही जात नाही, हवा अमाप आहे. पण बंद टाकीत मोजकी हवा, आणि तीच हवा उद्या कुणाच्या तरी फुप्फुसात जायची. शिवाय २०० बारला प्राणवायू इतका दाटलेला असतो की गंज चढायला बाहेरच्यासारखा वेळ लागत नाही. मी त्या रात्री वहीत हिशोब मांडून बसलो. भरलेल्या टाकीतला सगळा प्राणवायू संपवायला जवळजवळ दीड किलो लोखंड गंजावं लागेल. हवा १६ टक्क्यांवर यायलासुद्धा सव्वाचारशे ग्रॅम. जरा हायसं वाटलं, एवढं काही जात नाही. मग लक्षात आलं की टाकीत वीसच बार हवा ठेवून ती वर्षभर पडून राहिली, तर या सगळ्याचा दहावा हिस्सा पुरतो. चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. माझ्या टेबलावर एक दहा एमएमचा बोल्ट पडला होता, तेवढंच वजन. म्हणून खूप दिवस पडून असलेल्या टाकीतली हवा कधी वापरायची नाही, सोडून द्यायची आणि ताजी भरायची. हे मी पोरांना अगोदर का सांगितलं नाही? मलाच कुठे ठाऊक होतं!

आणि याच्याही पुढची एक गोष्ट आहे, ती कळल्यापासून मला नीट झोप नव्हती. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो. तिथे श्वासही दुपटीनं दाटलेला मिळतो. म्हणजे हवेत प्राणवायू निम्माच उरला असला तरी खाली गेलेल्या माणसाला काही कळत नाही, त्याचं डोकं ठिकाणावर असतं, हात चालत असतात. तो वर यायला लागतो तेव्हा दाब उतरतो, आणि वरून उजेड दिसायला लागावा त्या टप्प्यावर त्याची शुद्ध हरपते. विहिरीत धोका खाली असतो. इथे तो वर येताना असतो. मामांचा कंदील इथे उलटा धरावा लागेल, आणि तसा कंदील तर आमच्यापाशी नाही. त्या पोराला चव आली हे एका परीनं नशीब म्हणायचं. प्राणवायू कमी झाला तर त्याला चव नसते, वास नसतो. जिभेवर आली ती नुसती गंजाची धूळ.

टाकी साफ कशी करायची यावर प्रत्येकाचं मत होतं. फरशी साफ करायचं तेजाब ओत, दहा मिनिटांत लखलख, असं शेजारच्या शेडवाल्यानं सांगितलं. खरं आहे, होईल लखलख. पण आम्ल गंज खाऊन थांबत नाही, खालचं पोलादही खातं, आणि त्यातून निघणारा हायड्रोजन अशा कडक पोलादात मुरला की ते ठिसूळ होतं. मानेच्या आट्यांत थेंबभर उरलं तर पुढचं काम ते एकटंच करतं. २०० बार सोसणाऱ्या वस्तूवर असला प्रयोग मला करायचा नव्हता. मला माझी आजी आठवली. करडईच्या तेलाची निमुळत्या तोंडाची बाटली ती कशी धुवायची? चुलीतली राख चिमटीनं घालायची, मूठभर तांदळाची कणी, कोमट पाणी, आणि तोंडावर अंगठा दाबून खळखळ, खळखळ. हात जिथे पोचत नाही तिथे कणी पोचते. जगभर या टाक्या घासायची रीत नेमकी हीच आहे. फक्त कणीच्या जागी ॲल्युमिनिअम ऑक्साइडच्या किंवा सिरॅमिकच्या टोकदार चिप्स, आणि आजीच्या हातांच्या जागी फिरणारे रोलर.

चिप्स आमच्या एमआयडीसीत एका पॉलिशवाल्याकडून मिळाल्या, तो त्या कास्टिंगचे धारदार काठ मोडायला वापरतो. बंद पडलेल्या दालमिलची एक गिअरबॉक्सवाली मोटर माझ्याकडे होती. दोन रोलर केले, त्यांवर रबरी नळी चढवली, टाकी आडवी टाकली. निम्म्या टाकीभर चिप्स, त्या बुडतील एवढं पाणी, थोडा साबण. मानेच्या आट्यांना चिप्स लागू नयेत म्हणून नायलॉनचं बूच लेथवर करून घट्ट बसवलं. वेगाचंही गणित असतं. पाण्यानं भरलेली बादली गरागरा फिरवली तर पाणी सांडत नाही, तसं टाकी मिनिटाला शंभराच्या वर फेरे घ्यायला लागली तर चिप्स भिंतीलाच चिकटून फिरतात आणि घासायचं काम होतच नाही. मी चाळीसवर ठेवली. त्या वेगाला चिप्स भिंतीबरोबर थोड्या वर चढतात आणि घसरत खाली येतात. त्याचा आवाज, रोवळीत हरभऱ्याची डाळ घोळून धुवावी, अगदी तसा. रात्रभर तो आवाज ऐकत मी शेडमध्येच खाटेवर पडलो होतो. दर तीन तासांनी उठायचं, बूच काढायचं, बल्ब सोडायचा. जास्त फिरवलं तर चांगलं पोलादही झिजतं, तेव्हा बेतानंच. दुसरी टाकीही मी मागवून घेतली होती, तिच्यातही थोडी तांबूस भुकटी निघाली होती, तिलाही नंतर सहा तास फिरवली.

त्याच रात्री दोनच्या सुमारास फोन आला. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले होते, तापीला पाणी वाढलेलं, खालच्या अंगाला एका गावात कुणीतरी पाय घसरून गेलं होतं. टाक्या दादाकडे आहेत, द्याव्यात का, असं पोरं विचारत होती. एक रोलरवर फिरत होती, चिप्सनी भरलेली. दुसरीचा व्हॉल्व्ह काढलेला. मी नाही म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? ती पोरं टाकीशिवाय गेली. गळ टाकले, नावेतून बांबूंनी चाचपलं, जिथे ओढ कमी होती तिथे दम कोंडून बुड्या मारल्या. तिसऱ्या दिवशी प्रेत आपणच वर आलं. एवढ्या पाण्यात टाक्या असत्या तरी कुणी उतरू शकलं नसतं, असं त्यांनीच मला सांगितलं, आणि ते खोटं नाही. तरी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या फिरणाऱ्या टाकीसमोर उभा होतो. डाळ धुतल्याचा आवाज चालूच होता. मी मोटर बंद केली नाही.

आमच्याकडे गंज म्हणजे पाणी तापवायचं, भात रांधायचं पातेलंही. आजी म्हणायची, गंजात पाणी ठेव. पुढे मी वर्कशॉपात आलो तेव्हा कारागीर लोखंडाच्या रोगाला जंगच म्हणायचे, त्यामुळे माझ्या कानात हे दोन शब्द वेगळे राहिले. त्या सकाळी ते एकत्र आले. घरचा मोठा गंज चुलीवर चढवला आणि त्यातल्या पाण्यानं टाकीतला गंज धुतला. चिप्स बाहेर आल्या, गढूळ काला बाहेर आला, दोन पाणी झाले, आणि बल्ब सोडला तर आत चांदी! राखाडी, एकसारखी, नव्या नाण्याच्या रंगाची भिंत. मी बायकोला हाक मारून दाखवली. मग दोघं चहा प्यायला बसलो. परत येऊन पाहतो तर सगळ्या भिंतीवर नारिंगी साय धरलेली. रात्रभराची मेहनत, आणि पंधरा मिनिटं!

घासलेलं कोरं पोलाद उघडंबोडकं असतं. त्याच्यावर ओल आणि हवा एकदम आली की ते थांबतच नाही. घासणं हे निम्मंसुद्धा काम नाही, खरं काम वाळवण्याचं, हे मला त्या पंधरा मिनिटांनी शिकवलं. वैशाख असता तर फार सोपं होतं. भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा दोरीवरचं धोतर काढेपर्यंत कडकडीत होतं, पापडाला एक ऊन पुरतं. ज्या उन्हाला आम्ही जन्मभर शिव्या दिल्या त्याची मला त्या आषाढात आठवण येत होती. बाहेर झड लागलेली, भिंतींना ओल, मीठ पाझरतंय. पुन्हा दोन तास चिप्स फिरवल्या. या वेळी पाणी उकळतं घेतलं, एकामागून एक तीन गंज, म्हणजे टाकीचं अंगच तापलं पाहिजे, हात लावला तर चटका बसेल इतकं, की तिनं आपल्याच उष्णतेनं वाळावं. लगेच उलटी टांगली. शेडमधल्या कॉम्प्रेसरची हवा मारायचा मोह झाला होता, पण त्या हवेत तेलाचा सूक्ष्म अंश असतो, आणि ज्यातून माणूस श्वास घेणार त्यात तेल नको. शेवटी बायकोचा केस वाळवायचा ड्रायर आणला, तोंडाला तांब्याची नळी जोडली, ती टाकीच्या तळापर्यंत घातली आणि तासभर गरम हवा आत सोडली. बल्ब सोडून पाहिला. राखाडी. अर्ध्या तासानं पाहिला. राखाडीच. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड न धुता आधी शेडमध्ये गेलो.

पण पिवळीच्या आत, गंज निघाल्यावर, तो पट्टा गेला नव्हता. तिथे आता खळगे दिसत होते. देवीचे व्रण असतात तसे, काही टाचणीच्या डोक्याएवढे, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, आणि दोन-तीन ठिकाणी एकाला एक लागून ओळच झालेली. गंज होता तोवर त्यानं ते खळगे भरून झाकले होते. साफ केल्यामुळे टाकी बरी झाली नाही, ती किती गेली आहे ते फक्त दिसलं. खोली मापायला माझ्याकडे साधन नव्हतं, आणि असतं तरी तो निवाडा माझ्या हातातला नाही. गॅस सिलिंडरांचे २०१६चे नियम आहेत, नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेची परवानगी असलेली चाचणी केंद्रं आहेत. तिथे टाकीत पाणी भरून कामाच्या दाबाहून बराच जास्त दाब देतात, ती किती फुगते आणि दाब काढल्यावर पूर्ववत होते का, हे मोजतात. हवा न वापरता पाणी वापरतात, कारण पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. फुटलीच तर नुसती चिरते, उडत नाही. दोन्ही टाक्या पोरांनी पाठवल्या. एक आली. खांद्यावर नवी तारीख ठोकून. पिवळी नापास झाली. पुन्हा कुणी वापरू नये म्हणून तिचे दोन तुकडे करूनच त्यांनी दिली.

पोरांना वाईट वाटलं. टाकी स्वस्त नसते, आणि त्यांचे पैसे कुठून जमतात ते मला माहीत आहे. गाडीतून कुणाचं तरी प्रेत गावी पोचवून आल्यावर घरच्यांनी हातावर ठेवलेले पाचशे रुपये ते परत करतात, हेही मला माहीत आहे. एकजण म्हणाला, दादा, तुम्ही आत पाहिलंच नसतं तर अजून दोन-चार वर्षं चालली असती. त्यात राग नव्हता, तो मनापासून हिशोब करत होता. मी त्याला तुकडे उचलून दाखवले. कापलेल्या कडेवर भिंतीची जाडी स्पष्ट दिसत होती, आणि पट्ट्यापाशी ती कुठे कुठे बोटाच्या नखाएवढी उरली होती. बाहेरून माझा पिवळा रंग तसाच चकाकत होता, एक टवका उडाला नव्हता. त्यानं कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिला.

१९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्याँ या दोघांनी पाण्याखाली श्वास देणारा व्हॉल्व्ह जमवला. त्यातला गान्याँ इंजिनिअर. युद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून लाकडाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी त्यानं एक व्हॉल्व्ह बनवला होता, तोच त्यानं माणसाच्या श्वासाला बसवला. ओढलं की हवा येते, थांबलं की थांबते, आणि जितकं खोल जावं तितक्याच दाबाची येते. मोटारीचा सुटा भाग हातात घेऊन माणसाच्या छातीचा विचार करणारा तो कारागीर माझ्या फार जवळचा वाटतो. त्या व्हॉल्व्हचं अर्धं काम टाकी करते. ती फक्त धरून ठेवते. तिच्यात जे असेल तेच व्हॉल्व्ह पुढे देतो, चांगलं असो वा वाईट.

पास झालेली टाकी चाचणीहून आली तीही आतून दमटच होती. पाण्यानं चाचणी म्हटल्यावर आलंच, पण नीट वाळवून द्यायला हवी होती. मी पुन्हा गंजभर पाणी उकळलं, पुन्हा ड्रायर, पुन्हा बल्ब. नवी ओ-रिंग घालून व्हॉल्व्ह बसवला. पोरांनी लांब जाऊन ती भरून आणली, २०० बार, आणि श्रावणातल्या एका संध्याकाळी सगळे माझ्या शेडमध्ये जमले. धाकट्यानं रेग्युलेटर, म्हणजे तो श्वास देणारा व्हॉल्व्ह, जोडला, सवयीनं तोंडात घ्यायला उचलला. मी म्हणालो, थांब, आधी मी.

त्यानं ते माझ्या हातात दिलं. रबराचा तो तुकडा मी दातांत धरला आणि नाक चिमटीत धरून श्वास ओढला. टाकीकडून एक बारीक टक् झालं आणि हवा आली. गार, कोरडी. इतकी कोरडी की घसा आक्रसला, वैशाखातल्या दुपारी एसटीच्या खिडकीतून तोंडावर येते तशी. पुन्हा ओढला. पुन्हा. जीभ टाळूला लावून पाहिली, वरखाली फिरवून पाहिली. पाचव्या की सहाव्या श्वासाला डोळ्यांसमोर मामांचा नाडा हात हात खाली सुटत होता. पोरं माझ्या तोंडाकडे बघत उभी होती. बाहेर पन्हाळीचं पाणी बादलीत पडत होतं.

"कशी शे, दादा?" धाकट्यानं विचारलं.

मी आणखी एक श्वास घेतला, सावकाश सोडला, आणि मान हलवली. काही लागत नव्हतं. काहीच नाही.